रिपोर्टमधला ‘आर’

(भंडारा येथील बैठकीत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी लघवीच्या संसर्गावर बोलायला उभा आहे, कारण आमच्या घरात हा विषय फार उशिरा निघाला.

अम्मीला लघवीला जळजळ व्हायची. मुलाला कसं सांगणार? शेजारणीने सुचवलेली गोळी ती मेडिकलमधून मागवायची. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या वेळी त्याच. एका उन्हाळ्यात थंडी वाजून ताप आला, कंबर धरली, तेव्हा तिला नागपूरला नेलं. लघवीचं कल्चर झालं. तीन दिवसांनी आलेल्या कागदावर प्रत्येक औषधापुढे एक अक्षर होतं. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडतं, ‘आर’ म्हणजे जंतू दाद देत नाही. तिच्या ओळखीच्या सगळ्या गोळ्यांपुढे ‘आर’. शेवटी इंजेक्शनं द्यावी लागली.

जंतू होता ई. कोलाय. तो आपल्या आतड्यातच राहतो. बाईचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून मूत्राशयापर्यंत सहज पोचतो. औषधाने कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. शिवाय प्रतिकाराची जनुकं ते एकमेकांना देतात, पेनड्राइव्हवरून फाइल द्यावी तशी. सर्दीसाठी घेतलेलं अँटिबायोटिकही आतड्यात हेच करतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद 2013 पासून मोठ्या रुग्णालयांतून याची माहिती गोळा करते. तिच्या अहवालांनुसार सिप्रोफ्लॉक्सासिनला बहुतेक ई. कोलाय आता दाद देत नाहीत. मूत्राशयाच्या संसर्गावर नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन अजून चांगली चालतात. मनाला येईल तशी घेतली तर तीही हातची जातील.

कायदा आहे. 1 मार्च 2014 पासून सेफिक्झिमसारखी औषधं ‘शेड्यूल एच1’मध्ये आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, दुकानदाराने रुग्णाची नोंद करून ती तीन वर्षं जपायची. पण चिठ्ठी मागणारे थोडे आणि आपणहून दाखवणारे त्याहून थोडे.

नुसतं दुकानदाराला बोलून भागणार नाही. भंडाऱ्याहून बसने निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसते. त्रास झाला तर पुरुष डॉक्टरला सांगायची लाज वाटते. मग मेडिकलची गोळी हाच सोपा रस्ता उरतो.

म्हणून घरी एवढं करा. उरलेल्या गोळ्या घेऊ नका, कुणाला देऊ नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस औषध घ्या. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना द्या. ताप, कंबरदुखी किंवा गरोदरपण असेल तर थांबूच नका. आणि स्वच्छ शौचालयाची मागणी आपण पुरुषांनीही लावून धरू या. तो फक्त बायकांचा प्रश्न नाही.

अम्मी आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. हे सगळं सांगायची परवानगी तिनेच दिली. म्हणाली, “मी लाजले, त्यांना लाजू देऊ नकोस.”