गंजलेला बोल्ट

आमच्या कोकणात खारा वारा लोखंडाला सुखानं राहू देत नाही. थोरल्या भाईंच्या गॅरेजात जुनी पिकअप खोलायला येते, तेव्हा पहिलं भांडण हौद्याच्या बोल्टांशी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नट आट्यांवर जाम बसतो. नवशिकी पोरं पान्याला पाइप लावून लोंबकळतात. बोल्ट तुटतो, मग बसा ड्रिलनं कोरत! कवितेत शब्द अडला तर मी दुसरा घेतो. इथं ती सोय नाही.

भाई म्हणतात, ‘जोर नको, तेल सोड.’ तारेच्या ब्रशनं आटे घासायचे, गंज सोडवणारं तेल घालायचं, हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी सहाकोनी गोटीपाना लावून नट आधी किंचित आवळायचा. हो, आवळायचाच! गंजाची पकड त्यानंही मोडते. मग पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा तेल.

तरीही हटला नाही, तर तेल पुसून नटाला आच द्यायची. तापलेला नट फुगून सैल होतो. डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप जवळ असतील तर मात्र आचेचं नावही नको.

अखंड उतरलेला हौदा दुसऱ्या गाडीला बसतो. गॅसनं कापला की भंगाराच्या काट्यावर जातो. भाईंचं घर या दोन भावांमधल्या फरकावर चालतं.