भरलेले ड्रम आणि नाथांची कावड



मला दिलेला विषय आहे सकारात्मक विचार आणि व्यक्तिमत्त्वाची वाढ. त्यात मी माझ्याकडून आणखी एक शब्द घालून घेतला आहे, करुणा. तो घातल्याशिवाय मला या विषयावर बोलता येणार नाही. का येणार नाही, तेवढंच आज सांगायचं आहे.

हल्ली चांगल्या विचारांना तोटा नाही. पहाट झाली की मोबाइलवर सुविचार यायला लागतात. उगवता सूर्य, दोन फुलं, खाली दोन ओळी. आपण वाचतो, हात जोडलेलं चित्र पाठवतो आणि तो सुविचार पुढे सरकवून देतो. अमेरिकेतल्या नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकाचं सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचं पुस्तक १९५२ साली आलं आणि जगभर खपलं. त्या जातीच्या पुस्तकांची चळत आज आपल्या शहरातल्या औरंगपुऱ्याच्या दुकानांतही दिसते. मनाला उभारी देणाऱ्या कुठल्याही गोष्टीशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न एवढाच, की हा चांगला विचार आपण करतो तो कोणासाठी?

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्याचा दिवस आला की निळे ड्रम, हौद, हंडे, कळशा, शेवटी भाजीची पातेलीसुद्धा भरली जातात. घरात भांडं म्हणून रिकामं राहत नाही. आणि चार-पाच दिवसांनी काय होतं? ड्रमच्या तळाशी गाळ बसतो, पाण्याला वास येऊ लागतो, झाकण उघडं राहिलं असेल तर अळ्या होतात. आरोग्य विभागाच्या ताई येतात, बॅटरी मारून ड्रममध्ये बघतात, अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकतात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून बजावून जातात. पाणी मुळात चांगलंच होतं. ते नुसतं भरून ठेवलं म्हणून बिघडलं.

चांगल्या विचारांचं असंच होतं. मी आनंदी आहे, मी यशस्वी होणार, माझं भलंच होणार, असं म्हणत आपण ड्रमवर ड्रम भरत राहतो आणि सगळे ड्रम आपल्याच अंगणात ठेवतो. त्यातला तांब्याभरही दुसऱ्यासाठी काढला नाही, तर त्याच विचारांत अळ्या वळवळायला लागतात. मी एवढा चांगला विचार करतो, मग माझ्याच वाट्याला हे का? शेजारच्याचं बरं कसं झालं? आणि सर्वांत वाईट अळी ही, की रडणारी माणसं जवळ नकोत, त्यांच्या नकारात्मक लहरी आपल्याला लागतात. हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. मला त्याचा राग येतो, तो मी लपवत नाही.

अतिवृष्टीने ज्याचं सोयाबीन शेतातच कुजलं, त्याला ‘सकारात्मक राहा’ म्हणणं ही करुणा नव्हे. अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या, निकालाच्या यादीत आपलं नाव शोधून थकलेल्या मुलीला सुविचार पाठवू नका हो. ‘जेवलीस का?’ म्हणून विचारा. चांगला विचार स्वतःपुरता केला की तो साठतो, आणि साठला की बिघडतो. मी हे पुन्हा सांगतो आहे, कारण ऐकताना सगळे मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा ड्रम भरायला घेतात.

आता आपल्या नळाचं हे पाणी येतं कुठून, ते बघा. पैठणहून. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं आणि जलाशयाला नाव मिळालं नाथसागर. ज्या एकनाथ महाराजांचं हे नाव, त्यांची सर्वांना पाठ असलेली गोष्टही पाण्याचीच आहे. काशीची गंगा कावडीत भरून ती रामेश्वराला वाहायची, म्हणून नाथ निघालेले. वाटेत उन्हाने तापलेल्या वाळवंटात एक गाढव पाण्यावाचून तडफडत होतं. नाथांनी कावड उतरवली आणि ते गंगोदक गाढवाच्या तोंडात ओतलं.

प्राणिमात्रांवर दया करावी, एवढं सांगून आपण ही गोष्ट मुलांपुढे संपवतो. मला तिथे थांबवत नाही. नाथांच्या मनात त्या क्षणी काय झालं असेल? शेकडो कोस खांद्यावरून वाहून आणलेलं पाणी संपलं. तुमच्या-माझ्यासारखा सकारात्मक माणूस म्हणाला असता, जाऊ दे, पुढच्या वर्षी पुन्हा आणू. म्हणजे नुकसान झालं हे कबूल, त्यावर धीराचं पांघरूण तेवढं घातलं. नाथांच्या लेखी नुकसान झालंच नव्हतं. त्यांची कावड रामेश्वराला तिथेच पोहोचली. ही खरी सकारात्मकता, आणि ती गाढवाकडे डोळे उघडून पाहिल्यामुळे आली. वाटेच्या कडेला पाहिलंच नसतं, तर नाथ ठरल्याप्रमाणे रामेश्वराला पोहोचले असते, पण माणूस म्हणून होते तिथेच राहिले असते.

असं मन एका दिवसात होत नाही. लहान वयात घर सोडून नाथ देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. त्यांनी या शिष्याला जमाखर्च लिहायला बसवलं. हिशेबात एका पैचा फरक येत होता, तो शोधायला नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा आहे. एका पैसाठी लागलं तसं चित्त देवाकडे लाव, असं स्वामींनी सुचवलं म्हणतात. हिशेबाच्या वहीवर कमावलेलं हे लक्ष पुढे कुठे लागलं, ते पाहा. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत चुकलेलं महाराचं पोर कडेवर उचलून घरी पोहोचवलं. श्राद्धाचं अन्न दाराशी आलेल्या भुकेल्यांना वाढलं आणि गावाचा रोष ओढवून घेतला. दुसऱ्याकडे लक्ष जाणं हीच मोठी विद्या आहे, आणि ती शिकावी लागते.

ती शिकायची कशी, याचा एक पाठ आपल्या शहरातच डोंगरात कोरून ठेवला आहे. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या लेण्यांत सातव्या क्रमांकाच्या लेण्यापाशी अवलोकितेश्वराचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं, मोठं शिल्प आहे. दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटी आहेत. त्यांत आग आहे, तलवार उगारलेला लुटारू आहे, बेड्या आहेत, बुडणारं जहाज आहे, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आहे, मृत्यू आहे. प्रत्येक चौकटीत घाबरलेली माणसं आणि त्यांच्यासाठी धावून येणारा बोधिसत्त्व. वेरूळ-अजिंठ्याला पाहुण्यांना घेऊन जाणारे आपण, या लेण्यांकडे किती जण चढून जातो? मुलांना घेऊन जा. त्या चौकटींतलं आजचं संकट कोणतं, हे त्यांनाच शोधू द्या.

आणि याच बौद्ध परंपरेत मैत्रीभावनेचा, म्हणजे सर्वांचं भलं चिंतण्याचा, क्रम सांगितला आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात तो आहे. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग आपल्या आदराच्या, प्रेमाच्या माणसाचं. मग ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याचं. आणि शेवटी ज्याच्याशी वैर आहे त्याचं. पहिली पायरी स्वतःचीच आहे, हे लक्षात घ्या. स्वतःविषयी चांगला विचार करू नका, असं मी म्हणत नाही. आपण पहिल्याच पायरीवर बसकण मारली आहे, एवढी माझी तक्रार आहे.

तिसरी पायरी मला सर्वांत अवघड वाटते. वैऱ्याचा निदान विचार तरी मनात येतो. देणंघेणं नसलेला माणूस डोळ्यांना दिसतच नाही. आपल्या गल्लीत पाणी सोडायला येणारा महापालिकेचा माणूस घ्या. व्हॉल्व्ह फिरवायला वाकला की चारही बाजूंनी लोक त्याच्यावर तोंडसुख घेतात. पाणी कधी आणि किती, हे तो ठरवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे? घाटी रुग्णालयाच्या आवारात जालना, बीड, परभणीहून आलेले नातेवाईक पिशवी उशाशी घेऊन रात्र काढतात. तिथे एक डबा घेऊन जा. पण डबा देऊन लगेच फिरू नका, पाच मिनिटं बसा. पेशंट कोण आहे, गावाकडे लेकरं कोणापाशी ठेवलीत, ते विचारा. त्यांना बोलू द्या, आपण उपदेश करू नका. परत येताना स्वतःच्या काळज्यांकडे बघून सांगा, त्या पहिल्याएवढ्याच मोठ्या दिसतात का. मी सांगत नाही, तुम्ही करून बघा.

बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता यांच्यानंतर चौथी भावना येते उपेक्षा, म्हणजे दुर्लक्ष नव्हे, मनाचा समतोल. दुसऱ्याचं दुःख उचलता उचलता माणूस स्वतः मोडून पडू नये, यासाठी ती लागते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना, घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बायकांना ती फार लागते. त्यांच्याशी मला आज बोलायचं होतं, ते राहिलंच. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, दिंड्या पैठणकडे जातात. तुमच्या रस्त्यावरून गेल्या तर पाण्याचा तांब्या पुढे करताना कोणत्या गावाहून आलात एवढं विचारा, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या.