ग्राफमध्ये न दिसलेली ज्वारी

मागच्या महिन्यात एक उद्योग केला. ज्वारी आणि पोषण यावर दरवर्षी किती पेपर निघाले, ते पबमेडवरून पायथनने मोजलं. ग्राफ आला: 1975च्या आधी जवळजवळ सपाट, मग चढ. मी तर स्टेटस टाकायलाच बसलो होतो, "ज्वारीकडे आधी कुणी बघितलंच नाही!"

मग एक जुना पेपर सापडला. 1960, लॅन्सेट, लेखक हैदराबादचे गोपालन आणि श्रीकांतिया. मुख्यतः ज्वारीच खाणाऱ्यांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, का होतो? ज्वारीत ल्युसीन जास्त असतं म्हणून, असं त्यांचं म्हणणं. (त्यावर पुढे बराच वाद झाला, तो वेगळा एपिसोड!) पण शीर्षकात फक्त ल्युसीन आणि पेलाग्रा. ज्वारी गायब! त्यात 1975च्या आधीच्या बहुतेक पेपरांचा सारांश पबमेडवर नसतोच. आणि माझा कोड शोधत होता शीर्षक आणि सारांशात. म्हणजे त्या चढात डेटाबेसचाही हात होता की!

आता शोधात पेलाग्रा घातलाय, मेश नावाचे विषयांचे टॅग घेतोय, आणि 1975वर उभी लाल रेघ मारलीय. स्टेटस अजून टाकलेलं नाही.