भाडे परवडेनासे झाले म्हणजे…
ब्रिटनमधील ‘कौन्सिल’च्या घरांचा अनुभव

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि नगरपालिका अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गरजांची नावे आपण एका दमात घेतो. परंतु या तिहींमध्ये एक मोठा फरक आहे. हात आखडता घेऊन अन्नाचा खर्च थोडा कमी करता येतो, वस्त्र दंड घालून आणखी एक वर्ष वापरता येते. घरभाडे मात्र ठरल्या तारखेस, ठरले तेवढेच द्यावे लागते. ज्या कुटुंबाची मिळकत भाड्याच्या मागे पडू लागली, त्याने कोणाचे दार ठोठवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधण्यास आरंभ केला. ते उत्तर असे की, अशा कुटुंबाने आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, म्हणजे तेथील ‘कौन्सिल’कडे जावे. या उत्तराचे यश आणि अपयश ही दोन्ही आपल्यासारख्या लोकप्रतिनिधींनी आणि सेवकांनी समजून घेण्याजोगी आहेत.

भाडेवाढीविरुद्धचा लढा

१८९० च्या कायद्याने ब्रिटनमधील कौन्सिलांना कामगारांसाठी घरे बांधण्याचा अधिकार मिळाला. लंडन कौंटी कौन्सिलने पूर्व लंडनमधील ‘ओल्ड निकोल’ नावाची गलिच्छ वस्ती पाडून तेथे ‘बाउंडरी इस्टेट’ ही नवी वसाहत उभारली. १९०० साली तिचे उद्घाटन झाले. घरे पक्की व हवेशीर होती. परंतु त्यांचे भाडे जुन्या रहिवाशांना झेपण्यासारखे नव्हते. पाडलेल्या वस्तीतील अगदी थोडी कुटुंबे तेथे राहावयास आली. बाकीची शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीने राहू लागली. घर बांधणे आणि ते गरजूच्या आवाक्यात ठेवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, ही गोष्ट तेव्हाच दिसून आली.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो शहरातील जहाजबांधणीच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार आले. मागणी वाढताच घरमालकांनी भाडी वाढविली. कित्येक घरांतील कर्ते पुरुष आघाडीवर होते आणि मागे राहिलेल्या स्त्रियांच्या हाती घर रिकामे करण्याच्या नोटिसा पडू लागल्या. १९१५ साली मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांच्या पुढाकाराने तेथे वाढीव भाडे न देण्याची चळवळ उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये भाडेकरूंवरील खटल्यांच्या वेळी न्यायालयावर मोठा मोर्चा गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पार्लमेंटने कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर बांधून टाकली. आपल्या मुंबईतही युद्धकाळातील भाडेनियंत्रणाचा कायदा १९१८ साली झाला, तो याच काळातील आहे.

कौन्सिलची घरे

युद्ध संपल्यावर १९१९ साली आरोग्यमंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन यांच्या कायद्याने घरबांधणीस सरकारी अनुदानाची जोड मिळाली. पाच लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट होते. खर्चकपातीमुळे त्याच्या निम्मीही पुरी झाली नाहीत. १९२४ साली जॉन व्हीटली यांच्या कायद्याने या कामास पुन्हा गती मिळाली. लंडनच्या पूर्वेस बेकनट्री येथे १९२१ ते १९३५ या काळात सुमारे २६ हजार घरांची एकच वसाहत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा वेग आणखी वाढला. १९५३ या एका वर्षात ब्रिटनमधील कौन्सिलांनी दोन लाखांहून अधिक घरे बांधली. १९७९ च्या सुमारास तेथील जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबे कौन्सिलच्या भाडेकरू होती.

या व्यवस्थेतही एक उणीव होती. घरे कोणाला द्यावयाची हे कौन्सिल ठरवी आणि नाव प्रतीक्षायादीत असे. ज्या कुटुंबावर आजच रस्त्यावर येण्याची पाळी आली आहे, त्याला कौन्सिलने काही केलेच पाहिजे असा स्पष्ट हक्क नव्हता. अशा कुटुंबाला अनेकदा वसतिगृहवजा निवाऱ्यात पाठवीत. पती एकीकडे, पत्नी व मुले दुसरीकडे, अशी ताटातूट होई. १९६६ साली बी.बी.सी.ने दाखविलेल्या ‘कॅथी कम होम’ या नाट्याने ही स्थिती घरोघर पोहोचविली, आणि त्याच वर्षी ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी काम करणारी संस्था स्थापन झाली. १९७७ साली बेघर व्यक्तींविषयीचा कायदा संमत झाला. मुले असलेली कुटुंबे, गर्भवती स्त्रिया, वृद्ध, आजारी अशांना निवारा मिळवून देणे हे यामुळे कौन्सिलचे कायदेशीर कर्तव्य ठरले.

हक्क आला, घरे गेली

येथून पुढचा भाग अधिक लक्षपूर्वक ऐकावा अशी माझी विनंती आहे. हक्क मिळाल्यानंतर तीनच वर्षांनी, १९८० साली, कौन्सिलच्या भाडेकरूंना राहते घर विकत घेण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. वास्तव्याच्या वर्षांनुसार किमतीत ३३ ते ५० टक्के सूट होती. कामगार कुटुंबांना आयुष्यात प्रथमच स्वतःचे घर मिळत होते. त्यांचा आनंद खरा होता व त्यात काही गैरही नव्हते. परंतु विकलेल्या घराच्या जागी दुसरे घर बांधण्याची व्यवस्था मात्र झाली नाही. १९८० नंतर एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे वीस लाख घरे विकली गेली. स्कॉटलंडने ही विक्री २०१६ साली व वेल्सने २०१९ साली बंद केली.

पुढे १९८८ च्या कायद्याने नव्या खासगी भाडेकरारांवरील भाडेनियंत्रण काढून घेतले आणि कोणतेही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीने भाडेकरूस घराबाहेर काढण्याची मुभा घरमालकास मिळाली. कौन्सिलने विकलेली पुष्कळशी घरे कालांतराने खासगी घरमालकांच्या हाती गेली. आज काही ठिकाणी कौन्सिल एके काळी स्वतः विकलेल्या घराचेच चढे भाडे भरून तेथे बेघर कुटुंबाची सोय करते.

आजचे भाडेकरू कुटुंब

आता इंग्लंडमधील एका कल्पित कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वृद्धाश्रमात परिचारिकेच्या हाताखाली काम करणारी एक आई आणि तिची दोन शाळकरी मुले आहेत. घराचे भाडे महिना १२०० पौंड आहे. मिळकत कमी असल्याने तिला शासनाकडून भाड्यासाठी साहाय्य मिळते. परंतु त्याची कमाल मर्यादा तिच्या भागात ९५० पौंड आहे असे समजू. म्हणजे दरमहा २५० पौंडांची खोट तिला अन्नाच्या व विजेच्या पैशांतून भरून काढावी लागणार.

ही खोट का पडते? २००८ साली ही पद्धत देशभर सुरू झाली, तेव्हा साहाय्याची मर्यादा त्या भागातील मधल्या भाड्याइतकी असे. २०११ पासून ती खाली आणून, शंभरांपैकी सर्वांत स्वस्त तीस घरे जेवढ्या भाड्यात मिळतील तेवढ्यावर ठेवण्यात आली. शिवाय २०१६ ते २०२० ही चार वर्षे ती गोठविलेलीच होती. बाजारातील भाडी मात्र कोणासाठी थांबत नाहीत. २०२० व २०२४ साली मर्यादा वाढविली गेली. दोन्ही वेळा पुढील वर्षी ती पुन्हा गोठली.

अशा स्थितीत ही आई कौन्सिलच्या गृहनिर्माण कार्यालयात जाते. प्रतीक्षायादीत नाव घालता येते. परंतु २०२४ साली इंग्लंडमधील या याद्यांवर १३ लाखांहून अधिक कुटुंबे होती. कौन्सिलजवळ आकस्मिक अडचणीसाठी थोडा निधी असतो, त्यातून काही महिन्यांची खोट भरून निघू शकते. तेवढ्यात घरमालकाची नोटीस आली, तर कौन्सिल काही प्रश्न विचारते. कुटुंब बेघर आहे काय, किंवा लवकरच होणार आहे काय? त्यात मुले, वृद्ध वा आजारी माणसे आहेत काय? त्याचा या गावाशी संबंध आहे काय? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न : या कुटुंबाने घर आपण होऊन तर सोडले नाही ना?

या शेवटच्या प्रश्नाने फार ताप दिला आहे. मुदत संपताच घर सोडले तर ‘हेतुपुरस्सर बेघर’ असा शेरा बसून मदतीचा हक्क गमावण्याची भीती असते. त्यामुळे न्यायालयाचा हुकूम होऊन बेलीफ दाराशी येईपर्यंत घरातच राहा, असा सल्ला अनेक कार्यालयांतून वर्षानुवर्षे दिला गेला. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांना हा सल्ला धरून नव्हता. त्यापायी कोर्टाचा खर्च भाडेकरूच्या माथी बसे, घरमालकाशी संबंध बिघडत आणि पुढचे घर मिळणे अधिक कठीण होई.

संकट येण्यापूर्वी दाद

या अनुभवातून २०१७ साली बॉब ब्लॅकमन या सदस्याच्या खासगी विधेयकावरून नवा कायदा झाला व एप्रिल २०१८ पासून तो इंग्लंडमध्ये अमलात आला. घर जाण्याचा धोका ५६ दिवसांच्या आत असेल, तर तेव्हापासूनच साहाय्य करणे हे कौन्सिलचे कर्तव्य ठरले. अर्जदाराबरोबर बसून त्याची योजना लेखी तयार करावयाची असते : घरमालकाशी बोलणी कोण करील, थकबाकीचे हप्ते कसे पाडावयाचे, अनामत रकमेची सोय कोठून होईल, दुसरे घर कोठे पाहावयाचे, आणि यांतील कोणते काम अर्जदाराचे व कोणते कार्यालयाचे. तुरुंग, रुग्णालये, रोजगार केंद्रे अशा संस्थांच्या नजरेस असा मनुष्य आला, तर त्याच्या संमतीने कौन्सिलला कळविणे हेही त्यांचे कर्तव्य झाले. कारण न देता घर रिकामे करून घेण्याची पद्धत रद्द करणारा कायदाही ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत झाला असून त्याच्या अंमलासाठी १ मे २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

एवढे होऊनही २०२५ साली इंग्लंडमध्ये १ लाख ३० हजारांहून अधिक कुटुंबे कौन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढीत होती. कित्येकदा एका खोलीत सारे कुटुंब असते. निवारा शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाला तर मुलाची शाळा सुटते. २०२३-२४ या एका वर्षात यावर कौन्सिलांचा सुमारे २३० कोटी पौंड खर्च झाला. त्या पैशातून कायमचे एकही घर उभे राहिले नाही. कायद्याने कर्तव्य सांगितले, पण ते पार पाडण्यासाठी लागणारी घरे हाताशी नव्हती.

येथे शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपले पुष्कळ विद्यार्थी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ब्रिटनला जातात. विद्यार्थ्यांच्या व नोकरदारांच्या परवान्यावर सामान्यतः ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असते. त्यामुळे कौन्सिलचे घर किंवा भाड्याचे शासकीय साहाय्य त्यांना मिळत नाही. भाड्याचा हिशेब त्यांनी येथूनच पक्का करून निघावे, हे त्यांना सांगणे आपले काम आहे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रालाही सार्वजनिक भाड्याच्या घरांची परंपरा आहे. १९२० साली स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. आरंभी भाडे व अंतर परवडत नसल्याने तेथील पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. बाउंडरी इस्टेटची गोष्ट येथेही थोड्याफार फरकाने घडली! पुढे याच चाळींनी कामगारांच्या तीन-चार पिढ्यांना आसरा दिला. आज त्यांचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होय. मात्र उद्या शहरात येणाऱ्या कामगारासाठी भाड्याची खोली कोठे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. १९७७ साली स्थापन झालेले ‘म्हाडा’ही मुख्यतः मालकीहक्काने घरे देत आले आहे. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागाच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान आहे. नगरपालिकांनी त्याकडे लक्ष द्यावयास हवे.

ब्रिटनच्या अनुभवाचे सार मला असे वाटते. तेथे घरे होती तेव्हा गरजूला हक्क नव्हता. हक्क आला आणि पाठोपाठ घरे हातची गेली. हक्क आणि घरे यांची वाढ बरोबरीनेच व्हावी लागते. म्हणून सार्वजनिक घर विकावयाचे झाल्यास त्याच्या जागी दुसरे कोठे व केव्हा उभे राहील, हे ठरावात आधी लिहिले गेले पाहिजे.

मोठ्या योजना वरून येतील. परंतु अडचणीतील भाडेकरूला वेळेवर दाद देण्याचे काम आपल्या गावीही सुरू करता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये भाडेकरार लेखी करून नोंदविणे आवश्यक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडून भाडेकरूला हुसकावण्यासही हा कायदा मनाई करतो. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या किती मजुरांना हे ठाऊक आहे? आठवड्यातील एक दिवस नगरपालिकेत अशा लोकांसाठी राखून ठेवावा. त्यांची तक्रार लिहून घ्यावी, लागू असेल ती योजना सांगावी आणि उत्तर लेखी द्यावे. वर्गातील एखादे मूल वारंवार पत्ता बदलत असेल, तर शिक्षकाने आपुलकीने चौकशी करावी. घर सुटण्याची पहिली चाहूल पुष्कळदा शाळेच्या हजेरीपटावरच लागते.

भाडे थकल्यावर माणूस लाजेने घराचे दार लावून घेतो आणि कार्यालयात येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तो त्याआधीच यावा, एवढा विश्वास आपल्या कार्यालयाविषयी वाटला पाहिजे. तो विश्वास निर्माण करणे आपणा सर्वांच्या हाती आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र!