मावशींना फॉर्म कोणी दिलाच नाही

(आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘आरोग्य कर्मचाऱ्यांचं कामातलं समाधान’. मी काही अभ्यासक नाही. चोवीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली आहेत. वॉर्डात, लेबर रूममध्ये, आयसीयूत जे पाहिलं, जे स्वतः केलं, तेच सांगणार आहे. त्यात माझीही चूक आहे. तीही सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलात मानांकनाची तयारी चालू होती. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी करावी लागते. छापील फॉर्म आला. वीस-बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. ‘तुमच्या कामाची दखल घेतली जाते का?’ ‘वरिष्ठ तुमचं ऐकून घेतात का?’ ‘कामाच्या ठिकाणी सुरक्षित वाटतं का?’ डॉक्टरांनी भरला, आम्ही सिस्टर लोकांनी भरला, लॅबवाल्यांनी, ऑफिसवाल्यांनी भरला. महिन्याभराने नोटीस बोर्डावर कागद लागला की बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत.

मी ऑफिसात विचारलं, मावशींचे आणि मामांचे फॉर्म कुठे आहेत? उत्तर आलं, ‘ते आपले नाहीत, कंत्राटदाराचे आहेत.’

आपले नाहीत. वॉर्ड पुसतात त्या, बेडपॅन देतात त्या, रक्ताने भिजलेली चादर उचलतात त्या, मेलेल्या माणसाला बांधून शवागारापर्यंत नेतात ते. पण समाधान मोजायची वेळ आली की ते आपले नाहीत.

आता ‘मावशी’ हा शब्दच घ्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात जा, सफाई करणारी बाई मावशी असते आणि वॉर्डबॉय मामा असतो. ऐकायला गोड वाटतं, घरचं नातं वाटतं. पण डॉक्टरांना कोणी काका म्हणत नाही. मेट्रनला कोणी आत्या म्हणत नाही. त्यांना पद आहे, आडनाव आहे, दारावर पाटी आहे. मावशीला नातं दिलं आणि नाव काढून घेतलं. आणि हे नातंही कसलं? मावशीच्या डब्यातली भाजी कोणी घेत नाही. मावशी आमच्या खुर्चीवर बसत नाही. ती जिन्याखाली, नाहीतर बाथरूमच्या बाहेरच्या बोळात कपडे बदलते आणि तिथेच जेवते.

मी एक फॉर्म घरी आणला होता. एका दुपारी आमच्या वॉर्डातल्या मावशींना तो वाचून दाखवला. ‘तुमच्या कामाची दखल घेतली जाते का?’ त्या म्हणाल्या, ‘घेतात की सिस्टर. डाग राहिला की लगेच घेतात.’ ‘बढतीची संधी आहे का?’ त्या हसल्या. ‘अठरा वर्षांत तीन ठेकेदार बदलले. दर वेळी मी नवीनच लागले.’ त्यावर एक ते पाच यातला कुठला आकडा लिहायचा, मला कळेना.

नोकरीतल्या समाधानावर शिकवताना फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव हमखास येतं. आमच्या प्रशासनाच्या पुस्तकातही आहे. 1959 साली त्याने सहकाऱ्यांबरोबर आपला सिद्धांत मांडला. पगार, कामाची परिस्थिती, नोकरीची शाश्वती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी नसतील तर माणूस असमाधानी होतो. पण त्या असल्या म्हणून आनंद मिळतोच असं नाही. खरं समाधान देतात त्या गोष्टी वेगळ्या: काम पार पाडल्याचा आनंद, कौतुक, जबाबदारी, प्रगती. पहिल्या गटाला त्याने नाव दिलं ‘हायजीन’, म्हणजे स्वच्छता. आणि त्याने हे कोणाला विचारून ठरवलं? सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांना. जो माणूस खरोखर स्वच्छता करतो त्याला विचारलंच नव्हतं. आमच्या हॉस्पिटलने वेगळं काय केलं?

पण त्याच्या तेवीस वर्षं आधी, 1936 साली, एका माणसाने हा प्रश्न मुळापासून मांडला होता. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिलं आणि जे त्यांना करू दिलं गेलं नाही, त्यात ते सांगतात की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. आपण ते वाक्य पाठ केलं आहे. त्याच्या पुढचा मुद्दा मात्र पुष्कळदा वाचायचा राहतो. काम आवडीने नव्हे तर जन्माने गळ्यात पडतं, आणि त्या कामाला समाज हलकं मानतो, तेव्हा माणसाला त्या कामाचीच शिसारी येते, तो त्यातून सुटायचं बघतो. ज्या कामात ना मन आहे ना बुद्धी, त्यात कार्यक्षमता कुठून येणार, असं बाबासाहेब विचारतात. साथींनो, कामाच्या समाधानाचा हाच सिद्धांत आहे. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत तो शिकवला जात नाही, एवढंच.

आरोग्याच्या क्षेत्रात तर जात पहिल्यापासून आहे, कारण हे काम शरीराचं आहे. रक्त, वार, मलमूत्र, प्रेत. देशाच्या कित्येक भागांत बाळाची नाळ कापणारी दाई दलित जातीतली असायची, कारण ते काम विटाळाचं मानलेलं. बाळाला जगात आणायचं तिने आणि मग त्या घरात पाऊल टाकायचं नाही. आज इमारत काचेची झाली, पण उत्तरेत हॉस्पिटलचा संडास कोण साफ करतो? बहुतेक वाल्मीकी. तामिळनाडूत? अरुंधतियार. तेलंगणात, आंध्रात? पुष्कळदा मादिगा. आपल्याकडे मेहतर, रुखी, मांग, महार. निविदेत जातीचा रकाना नसतो, तरी त्या त्या जातीची माणसं बरोबर तिथे पोचतात. आपल्याकडे लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीने अनेक घरं उभी राहिली, म्हणून मी तिच्या विरोधात नाही. पण पदवी घेतलेल्या मुलाच्या हातातही शेवटी झाडूच आलेला मी पाहिला आहे. मग त्याला समाधान आहे का, हे त्याला विचारायचं की आपण स्वतःला?

वरच्या पायऱ्यांवर तरी सुटका आहे का? मी नवीन लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला पूर्ण नाव तीनदा विचारलं गेलं. आडनावावरून कळेना तेव्हा गाव विचारलं. मग ‘कोट्यातून का?’ त्यानंतर सलाईन लागायला एक मिनिट जरी उशीर झाला तरी तो माझा उशीर नसायचा, कोट्याचा असायचा. दुसरीची चूक ही तिची एकटीची. माझी चूक पूर्ण समाजाची. हे ओझं घेऊन काम करणाऱ्या डॉक्टरला, नर्सला समाधानाच्या फॉर्ममध्ये कुठला रकाना आहे? 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच वर्षी तिची आई आणि रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, उच्च शिक्षणातला जातिभेद थांबवा म्हणून. मुलं गमावल्यावर आया लढतात, हे आपल्याकडचं तक्रार निवारण.

आता माझी गोष्ट.

एका मंगळवारी सकाळी ड्युटी संपताना मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच बोट दाखवलं. शनिवारी रात्री पिवळी पिशवी बांधताना सुई टोचली होती. सुई पिवळ्या पिशवीत असायलाच नको. ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी. मी म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, ‘मुकादमाला कळलं तर उद्यापासून येऊ नको म्हणेल.’

एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्य तितक्या लवकर, खरं तर दोन तासांत सुरू करायची असतात. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. छप्पन्न तास गेले होते. मी त्यांना घेऊन धावले. पहिला प्रश्न आला, ‘या आपल्या स्टाफ आहेत का?’ दुसरा, ‘हिपॅटायटीस बी ची लस घेतली आहे का?’ मी घेतली होती. डॉक्टरांनी घेतली होती. मावशींना अठरा वर्षांत कोणी दिली नव्हती. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करायची, अपघाताची नोंद ठेवायची. कंत्राटी कामगार यातून वगळलेले नाहीत.

औषधं अठ्ठावीस दिवस चालली. मळमळ होत असतानाही त्या एक दिवस घरी राहिल्या नाहीत, कारण खाडा म्हणजे पगार कट. सहा महिने तपासण्या झाल्या. शेवटची निगेटिव्ह आली तेव्हा त्या जिन्यातच खाली बसल्या.

आणि त्या शनिवारी त्या खोलीतल्या इंजेक्शनांची ड्युटी माझी होती. सुई मीच टाकली का? तीस पेशंट आणि आम्ही दोघी, त्या रात्री काय कुठे टाकलं ते मला आठवत नाही. पण आठवत नाही, हीच तर गोष्ट आहे. सुई खाली कोणाच्या हातात जाते याचा विचार करायची मला कधी गरजच पडली नव्हती. मी जय भीमवाली, माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि वॉर्डात मी श्रेणीबद्ध विषमतेची एक पायरी होते. डॉक्टर मला ‘ए सिस्टर’ म्हणायचे, मी ते मुकाट्याने गिळायचे, आणि खाली वळून ‘मावशी, लवकर!’ ओरडायचे. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘जाऊ द्या सिस्टर.’ त्यांना दुसरं काही म्हणण्याची सोयच नव्हती, हे मला माहीत आहे.

त्यांचं नाव मला त्या दिवशी केसपेपर काढताना कळलं. सहा वर्षं आम्ही एका वॉर्डात होतो.

म्हणून, कामातलं समाधान कशावर अवलंबून असतं असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, योगाचं शिबिर आणि 12 मेला गुलाबाचं फूल यावर नाही. 2020 मध्ये आपल्यासाठी थाळ्या वाजल्या, हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. ती फुलं झाडली कोणी? 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. तरीही सरकारी कागदावर आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. गौरव आहे, पगार नाही.

आपल्या मागण्या साध्या आहेत. कायम स्वरूपाच्या कामाला कायम माणूस. समान कामाला समान वेतन. 2016 मध्ये जगजीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही हे तत्त्व लागू केलं आहे. प्रत्येक हाताला लस आणि जाड हातमोजे. टोचल्याचं सांगितलं म्हणून कोणाचीही नोकरी जाणार नाही, असं लेखी. बसायला, जेवायला, कपडे बदलायला जागा. शिकायची आणि झाडू सोडून पुढे जायची वाट. आणि जातीच्या तक्रारीसाठी अशी समिती, जिच्यात आपली माणसं असतील.

यातलं पुष्कळ व्यवस्थापनाकडून लढून घ्यावं लागेल. पण दोन गोष्टी उद्याच्या ड्युटीपासून आपल्या हातात आहेत. सुई वापरणाऱ्याने सुई स्वतः डब्यात टाकायची. आणि वॉर्डात जे कोणी काम करतं त्याचं नाव विचारायचं, ते नाव घेऊन हाक मारायची.

1897 च्या प्लेगात सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच साथीत 10 मार्चला गेल्या. त्या मुलाला त्यांनी कोणाकडून उचलून आणायला सांगितलं नाही. आपल्या वॉर्डात आपण काय काय दुसऱ्याकडून उचलून घेतो, त्याची यादी प्रत्येकाने आज रात्री करावी. मी माझी केली आहे. ती बरीच लांब आहे.

जय भीम. जय सावित्री.