घरातील छायाचित्रांची जपणूक

खानदेशात श्रावण आला, नागपंचमी सरली आणि तिच्यानंतरचा रविवार उजाडला, म्हणजे घरोघरी कानबाईच्या स्थापनेची लगबग सुरू होते. नोकरीधंद्याच्या निमित्ताने मुंबई, पुणे, सुरत अशा ठिकाणी पांगलेले भाऊबंद रोटांच्या निमित्ताने मूळ घरी गोळा होतात. वर्षातून एकदाच घडणारा हा मेळा छायाचित्रात धरून ठेवावा, असे कोणास वाटणार नाही? पूर्वी त्यासाठी छायाचित्रकाराला बोलवावे लागे, आणि चार वर्षांतून एखादी तसबीर भिंतीवर चढे. आज घरातील शाळकरी मूलदेखील एका संध्याकाळी दोनशे चित्रे टिपते. ही चित्रे भ्रमणध्वनीतून घरच्या संगणकात जातात आणि तेथेच राहतात. भिंतीवरच्या तसबिरीला कसर लागली तर ती डोळ्यांना दिसते. संगणकातील चित्रांना काय झाले हे मात्र संगणक सुरू होईनासा होतो त्या दिवशीच कळते. त्या दिवशी हळहळण्यापलीकडे फारसे काही हाती उरत नाही.

जुन्या छायाचित्रणाची एक सोय सहसा लक्षात येत नसे. फिल्मवरील उलटे चित्र आणि त्यावरून काढलेली कागदी प्रत अशी एकाच छायाचित्राची दोन रूपे जन्मतःच असत. एक हरवले तरी दुसऱ्यावरून काम भागे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावी केकी मूस (१९१२–१९८९) ह्या एकांतप्रिय कलावंताने आयुष्यभर जी छायाचित्रे निर्माण केली, ती त्यांच्या मागेही त्यांच्याच घरात संग्रहालयाच्या रूपाने जपली गेली. ती कागदावरची, हातात घेता येणारी चित्रे होती. संगणकातील छायाचित्र हे केवळ आकड्यांच्या रूपात असते. चित्राचे लक्षावधी चिमुकले चौकोन कल्पून प्रत्येकात तांबडा, हिरवा व निळा रंग किती, हे आकड्यांनी लिहून ठेवलेले असते. ह्या आकडेवारीची नक्कल मूळ चित्राइतकीच तंतोतंत उतरते, हा तिचा मोठा गुण. पण नक्कल कोणी केलीच नाही, तर सगळे चित्र एकाच ठिकाणी, एकाच यंत्राच्या भरवशावर राहते, हा तिचा धोका. आणि नक्कल केली तरी ती कोठे ठेवावी, हा प्रश्न उरतोच.

ह्या प्रश्नाचे उत्तर किती महाग पडू शकते, ह्याचा दाखला खानदेशाच्या सीमेलगतच सापडतो. अजिंठ्याची लेणी जळगावाहून सुमारे साठ किलोमीटरांवर आहेत. आजही आगगाडीने येणारे पुष्कळ प्रवासी जळगावलाच उतरतात. त्या लेण्यांतील भित्तिचित्रे झिजत चालली आहेत हे ध्यानात आल्यावर १८४४ साली रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्याची त्यांच्या नकला काढण्यासाठी नेमणूक झाली. उन्हाळा, ताप आणि एकांत सोशीत त्याने कित्येक वर्षे मोठमोठ्या पटांवर ती चित्रे उतरविली. हे पट लंडनला गेले व सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेस ह्या काचमहालात प्रदर्शनार्थ मांडले गेले. डिसेंबर १८६६ मध्ये त्या महालास आग लागली आणि तेथे मांडलेले पट जळून गेले. जे थोडे पट त्या वेळी तेथे नव्हते, तेवढेच वाचले.

ह्यावरून बोध घेतला गेला असता तर बरे झाले असते. १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तेच काम नव्याने आरंभिले. १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम खपून त्यांनी जो संग्रह सिद्ध केला, तोही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, एका छपराखाली जाऊन पडला. १८८५ साली तेथेही आग लागली व त्या श्रमांचा फार मोठा भाग भस्मसात झाला. एकाच चित्रांच्या नकला दोनदा काढल्या गेल्या आणि दोनदा जळाल्या. दोन्ही वेळा नकला करणाऱ्यांच्या कौशल्यात उणेपणा नव्हता. उणेपणा होता तो ठेवणीत.

गिलच्याच आयुष्यातील दुसरी गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे. त्याने लेण्यांची छायाचित्रेही काढली होती, आणि ती १८६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत विखुरल्या, म्हणून त्या चित्रांवर एकाच आगीचा घाला पडू शकला नाही. १८७९ साली गिल भुसावळ येथे वारला व तेथेच त्याला मूठमाती मिळाली. ज्या पटांसाठी त्याने उमेदीची वर्षे वेचली ते बहुतेक राख झाले; आणि ज्या चित्रांच्या अनेक प्रती अनेक घरी गेल्या, ती राहिली.

धुळ्यानेही हेच दुसऱ्या रीतीने शिकविले आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली, पण ती केवळ पेटीत भरून ठेवली नाहीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेच्या रूपाने, १८९८ पासून, ते कागद छापून लोकांत पसरविले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी १९२७ साली धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. मूळ कागद एका ठिकाणी नीट सांभाळावा आणि त्याच्या प्रती अनेक ठिकाणी असू द्याव्या, ही ती रीत. घरातील छायाचित्रांनाही तीच लागू पडते.

घरच्या संगणकातील चित्रांची वेगळी प्रत करण्याचे एक सोपे साधन म्हणजे तबकडी. ही बारा सेंटिमीटर व्यासाची, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची चकती ग्रामोफोनच्या तबकडीची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. हिच्यावरही एकच लांब नागमोडी वाट असते. मात्र ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाई. ह्या तबकडीतील वाट मध्यापासून कडेकडे जाते, आणि उलगडली तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल. सुईच्या जागी येथे लेसर-किरण असतो. घरी लिहावयाच्या नेहमीच्या कोऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लिहिताना प्रखर किरण त्या थरावर डाग पाडीत जातो. वाचताना मंद किरण डागाळलेली व स्वच्छ जागा ओळखीत जातो. त्यातूनच ते आकडे, आणि आकड्यांतून ते चित्र पुन्हा उभे राहते.

तबकड्यांत तीन मुख्य प्रकार आहेत. सीडीत सातशे मेगाबाइट मावतात. एक छायाचित्र चार मेगाबाइटचे धरले तर पावणेदोनशे चित्रे. डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, म्हणजे हजारावर चित्रे. आणि ब्लू-रेच्या साध्या तबकडीत २५ गिगाबाइट, म्हणजे सहा हजारांच्या आसपास चित्रे. पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणारी तबकडी ह्या कामी घेऊ नये. जी एकदाच लिहिता येते, तीच जपणुकीस योग्य. कारण तीवरचे चित्र चुकून पुसले जाण्याची भीती नसते. रंगद्रव्याऐवजी दगडासारखा अजैव थर असलेल्या खास तबकड्याही निघाल्या आहेत. त्या हजार वर्षे टिकतील असे त्यांचे उत्पादक सांगतात. तो दावा पडताळून पाहण्याइतके आयुष्य अर्थातच कोणास लाभणार नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावयाचे. प्रथम चित्रे निवडावी. एकाच क्षणाची बारा चित्रे असतील तर उत्तम अशी दोन ठेवावी. निवड न करता सगळेच साठविणारा मनुष्य पुढे काहीच पाहत नाही. मग वर्ष, महिना व प्रसंग ह्यांच्या नावाने कप्पे पाडावे. हे झाल्यावर कोरी तबकडी यंत्रात घालून, निवडलेले कप्पे तीवर उतरविण्याची आज्ञा द्यावी. वेग मध्यम ठेवावा. अतिवेगाने लिहिलेल्या तबकडीत चुका राहण्याचा संभव अधिक. विजेचा भरवसा नसेल त्या वेळी हे काम हाती घेऊ नये, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर ती तबकडी फुकट जाते. शेवटी तबकडी 'बंद' करण्याची आज्ञा असते. ती दिली म्हणजे दुसऱ्या यंत्रांनाही ती सुखाने वाचता येते. पडताळणीची सोय असेल तर ती टाळू नये, आणि पडताळणी झाली तरी तबकडी दुसऱ्या एखाद्या यंत्रात घालून दहापाच चित्रे उघडून पाहावी.

येथेच पुष्कळ घरी एक चूक होते. तबकडी तयार झाली, आता संगणकात जागा मोकळी करावी, म्हणून मूळ चित्रे पुसून टाकली जातात. असे केले म्हणजे चित्रांची प्रत वाढली नाही, त्यांचे केवळ घर बदलले. आधी संगणकात एकच प्रत होती, आता तबकडीवर एकच आहे. ग्रिफिथ्सचे पट ज्या वाटेने गेले, तीच ही वाट. म्हणून एकाच वेळी दोन तबकड्या कराव्या. एक जळगावच्या घरी राहावी आणि दुसरी धुळ्याच्या भावाकडे जावी. मध्ये एरंडोल, पारोळे अशी गावे आहेत. इतके अंतर राहिले म्हणजे एका घरातील आग, पाणी अथवा चोरी दुसऱ्या घरापर्यंत पोहोचत नाही. संगणकातील मूळ चित्रेही राहू द्यावी. ती तिसरी प्रत होय.

ठेवणीच्या बाबतीत खानदेशाने विशेष जपावे. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि सिमेंटच्या धाब्याखालील लोखंडी कपाट दुपारी भट्टीसारखे तापते. रंगद्रव्याला उष्णता, ऊन आणि दमट हवा ही तिन्ही बाधतात. तेव्हा तबकडी घरातील सर्वांत गार व कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, स्वतंत्र डबीत उभी ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ती कधीही विसरू नये. हाताळताना तिच्या कडा धराव्या. पुसावयाची झाल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल फिरवून नव्हे. नाव लिहावयाचे ते वरच्या बाजूस, पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या लेखणीने. सीडीचा चकचकीत थर वरच्या बाजूलाच अगदी पातळ लेपाखाली असतो, म्हणून टोकदार लेखणीने तेथे ओरखडा उठला तर तो खालच्या ओरखड्याहून घातक ठरतो. कागदी चिठ्ठी चिकटवू नये.

एवढे करूनही तबकडी अमर नव्हे. काही वर्षांत टिकाऊपणा ओसरतो, आणि यंत्रेही बदलतात. आजच्या पुष्कळ नव्या संगणकांत तबकडीचे यंत्र बसविलेलेच नसते. ते बाहेरून जोडावे लागते. म्हणून दर पाच-सहा वर्षांनी जुन्या तबकडीवरील चित्रे नव्या साधनावर उतरवून घ्यावी. आपल्याकडे पोथ्या अशाच टिकल्या. एक ताडपत्र हजार वर्षे जगले म्हणून सगळ्या पोथ्या उरल्या नाहीत. जीर्ण प्रत टाकण्यापूर्वी कोणी तरी नवी प्रत लिहून घेतली, म्हणून त्या उरल्या.

एक काम मात्र यंत्राकडून व्हावयाचे नाही. चित्रात कोण कोण आहेत, हे लिहून ठेवणे. जुन्या तसबिरींच्या मागे शाईने नावे लिहिलेली असत. आज चित्रे शेकडो आहेत आणि नावे नाहीत. रोट भाजणारी म्हातारी कोण, तिच्या मांडीवरचे मूल कोणाचे, हे आज घरात सर्वांना ठाऊक असते. तीस वर्षांनी ते सांगणारे माणूस उरेलच असे नाही. तेव्हा प्रत्येक कप्प्यात नावांची एक साधी यादी घालून ठेवावी.

आणि ह्या सगळ्यासाठी वेगळा दिवस शोधण्याचे कारण नाही. कानबाईला भाऊबंद जमतातच. त्या दिवशी धुळ्याच्या भावाने आपली तबकडी बरोबर आणावी, जळगावच्या भावाने आपली काढावी, दोन्ही उघडून पाहाव्या, आणि गेल्या वर्षाची नवी चित्रे दोन नव्या तबकड्यांवर उतरवून घ्यावी. नावे अडतील तेथे वडीलधारी माणसे जवळ असतातच. त्यांना विचारून ती लिहावी. सोमवारी कानबाईचे विसर्जन होईल आणि पाहुणे पांगू लागतील, तेव्हा एक तबकडी धुळ्याला जाईल आणि एक येथे राहील. ती पुढल्या श्रावणात पुन्हा उघडली जाईल, इतकी काळजी घेतली म्हणजे पुरे.