फाउस्ट : ज्ञानाचा एक करार



सर्व ज्ञान हस्तगत करण्यासाठी आत्मा गहाण टाकणारा मांत्रिक फाउस्ट हा जर्मन साहित्यातील अमर खलपुरुष होय. त्याच्या उगमाचा शोध घेतला असता मात्र एक भटका जादूगार समोर येतो. १५०७ साली त्रिथेमिउस या मठाधिपतीने एका पत्रात त्याची भोंदू म्हणून संभावना केली. प्लेटो व अ‍ॅरिस्टॉटल यांचे समग्र ग्रंथ नष्ट झाले, तरी आपण ते केवळ स्मरणातून अधिक सुंदर रूपात उभे करू, अशी या गृहस्थाची बढाई होती. १५२८ मध्ये इंगोलश्टाट नगराने त्याला निघून जाण्यास फर्मावले.

असा हा सामान्य मनुष्य मृत्यूनंतर मोठा झाला. १५८७ साली फ्रांकफुर्टचा मुद्रक योहान श्पीस याने एका अनामिक लेखकाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात फाउस्ट हा शेतकऱ्याचा मुलगा, विटेनबर्ग विद्यापीठाचा धर्मशास्त्रातील पंडित आहे. आकाश व पृथ्वी यांचे मूळ जाणण्याच्या हव्यासापायी तो सैतानाच्या दूताशी स्वतःच्या रक्ताने करार करतो. मुदत २४ वर्षांची. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खरे मिळावे, ही त्याची अट; मुदत संपताच देह व आत्मा स्वाधीन करावा, ही समोरच्याची.

येथे व्यवहाराचा एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. एवढ्या किमतीत फाउस्टच्या पदरात काय पडले? विश्वाचे रहस्य राहिले बाजूला. राजदरबारातील करमणूक, टवाळखोर चमत्कार आणि एका सरदारपत्नीसाठी ऐन हिवाळ्यात आणलेली द्राक्षे, यांतच त्याची मुदत सरली. वसुली मात्र पुरेपूर झाली.

पुढे गटे या महाकवीने सुमारे ६० वर्षे हाच विषय मनात घोळवला. त्याच्या नाटकाचा पहिला भाग १८०८ मध्ये व दुसरा त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला. गटेचा फाउस्ट अनेकांचे अहित करतो, तरीही त्याची धडपड अखंड असल्यामुळे अखेरीस त्याचा उद्धार होतो. म्हणजे ज्या जिज्ञासेला १५८७ चे पुस्तक पाप ठरवते, तिलाच गटे तारक मानतो.

या दोन निवाड्यांमध्ये विचारवंत अद्याप उभे आहेत. तथापि दोन्ही कथांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. जाणण्याची इच्छा मनुष्याला खलपुरुष करीत नाही. ज्ञान साधनेविना, आयते मिळावे आणि त्याची किंमत पुढे कधीतरी द्यावी, ही वृत्ती त्याला तसे करते. करारावर सही करण्यापूर्वी मुदतीचा शेवटचा दिवस डोळ्यांपुढे आणणे, यातच खरे शहाणपण होय.